पोटातली सुई

दोनदा माझं पोट रिकामं झालं, आणि दोन्ही वेळा कारण घरातल्यांना माझ्याआधी सापडलं. पहिल्यांदा मी शाळेत उभी राहून शिकवत होते म्हणून. दुसऱ्यांदा कुणाकडे तरी पपईची फोड खाल्ली म्हणून. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी कारणं ऐकत बसले नाही, सरळ एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी रक्त तपासून घेतलं. माझ्या रक्ताला लवकर गोठायची खोड होती. वारेत गुठळ्या होत आणि बाळाचं पोसणं थांबे.

"रोज एक इंजेक्शन, पोटाच्या कातडीखाली," बाई म्हणाल्या. "बाळ होईपर्यंत, आणि झाल्यावरही काही आठवडे. मला विचारल्याशिवाय थांबवायचं नाही."

घरात हे सांगितलं आणि खालच्या मजल्यावरून चुलत सासूबाई वर आल्या. सासूबाई गेल्यापासून घराची वैद्यकी या काकूंकडेच होती. आपण पुण्याकडून इकडे उत्तरेत आलेली माणसं, हे त्या दिवसातून एकदा तरी सांगत. पुणं त्यांनी पाहिलेलं नव्हतं आणि त्यांचं मराठी तिसऱ्या शब्दाला हिंदीत उतरत असे.

"पोटात सुई? अगं, बच्चे को लग गई तो?"

"काकू, ती कातडीखालच्या चरबीत जाते. बाळ कुठे आणि ती कुठे!"

"आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं."

त्यांच्या वेळी त्यांची तीन मुलं गेली होती. हे माझ्या जिभेवर आलं होतं. बोलले नाही, एवढाच माझा चांगुलपणा.

माझा नवरा बँकेत अधिकारी. दिवसभर हाताखालच्या माणसांवर ओरडायचा. पहिल्या सकाळी त्याने सुईवरची टोपी काढली, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि खुर्चीत बसून पाणी मागितलं. मग काकूंनी गल्लीतल्या कंपाउंडरला बोलावलं. हा गृहस्थ स्वतःला 'डॉक्टर साहब' म्हणवून घेई. औषध भरूनच आलेली ती छोटी सिरिंज त्याने उलटी धरली, आतला हवेचा बुडबुडा काढायचा म्हणून दट्ट्या दाबला आणि थोडं औषध भिंतीवर उडवलं. उरलेलं टोचलं आणि कापसाने अशी जागा रगडली, जणू पितळेचं भांडं घासतोय. संध्याकाळपर्यंत तिथे वांग्याच्या रंगाचा भलामोठा डाग उमटला. काकू म्हणाल्या, "देखा? जहर बाहर येतंय."

मी तो डाग घेऊन डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिले. त्या चिडल्या, पण माझ्यावर नाही. म्हणाल्या, "तुम्हीच शिका." तिथेच शिकले. बेंबीपासून जरा दूर, बाजूला कातडीची घडी चिमटीत धरायची. सुई सरळ आत घालायची. बुडबुडा असू द्यायचा. औषध सावकाश सोडायचं, सुई निघेपर्यंत चिमूट सोडायची नाही आणि नंतर अजिबात चोळायचं नाही. आज डावीकडे, उद्या उजवीकडे. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आलं. आठवड्याभरात चहा उकळेपर्यंत उरकायला लागलं. नवरा त्या वेळी नेमाने वर्तमानपत्रात तोंड घाली.

मे महिन्यात गरौठ्याला नात्यातलं लग्न होतं. आम्ही मुक्कामाला जाणार, म्हणून मी इंजेक्शनांचा डबा जेवणघरात काढून ठेवला. निघताना पाहते तर जागेवर नाही.

"मी ठेवला की फ्रीजरमध्ये," काकू अभिमानाने म्हणाल्या. "इतनी गरमी, औषध खराब होईल. तुम्हा शिकलेल्यांना एवढंही सुचत नाही."

डबा बर्फाच्या ट्रेला चिकटला होता. आतलं औषध घट्ट गोठलेलं.

"वितळेल ना उन्हात," नवरा म्हणाला.

"गोठलेलं औषध वापरायचं नसतं. खोक्यावरच लिहिलंय. बँकेत वाचता येणाऱ्यांनाच घेतात ना?"

गाडी गरौठ्याऐवजी औषधांच्या दुकानांसाठी शहरातल्या इलाइट चौराह्याकडे वळली. दोन दुकानांत नकार मिळाला, तिसऱ्यात नवा डबा मिळाला, पण तोवर निघायची वेळ टळली. लग्नाला काकू एकट्याच गेल्या, आणि सुनेला माणसांची किंमत नाही, असं मांडवभर सांगून आल्या.

दिवस भरत आले. एका सकाळी मी इंजेक्शन घ्यायला हात धुतले आणि पाठीतून कळ आली. थोड्या वेळाने दुसरी. मी सिरिंज होती तशीच डब्यात ठेवली. काकू दारात उभ्या होत्या.

"आज का नाही घेतलंस? इतके महिने घेतलंस, आणि आजच्या दिवशी नागा?"

"कळा सुरू झाल्या की घ्यायचं नाही, बाईंनी सांगितलंय. रक्त थांबायचं नाही मग. आधी दवाखाना."

"पहले म्हणे रोज घ्यायचं, अब म्हणे नहीं! कुछ पता भी है तुझ्या डॉक्टरला?"

त्यांनी डबा उघडून सिरिंज माझ्या हातात द्यायला आणली. मी ती घेतली, परत ठेवली, डबा कपाटात टाकला आणि किल्ली कमरेला खोचली. नवरा मध्ये उभा होता, कुणाचं ऐकावं या विचारात. "गाडी काढ," मी म्हटलं. निदान तेवढं त्याला जमलं.

दुपारी बाळाचे ठोके मंदावले. ऑपरेशन करायचं ठरलं. भूल देणारे डॉक्टर आले. त्यांनी माझं नावही विचारलं नाही, पहिला प्रश्न हाच केला, "आखिरी इंजेक्शन कब लिया?"

"कल सुबह."

"आज?"

"नहीं लिया."

"अच्छा किया. पीठ में सुई दे सकते हैं."

आज घेतलं असतं तर पूर्ण बेशुद्ध करावं लागलं असतं; आता पाठीत सुई देऊन फक्त कमरेखाली बधिर केलं, त्यामुळे मुलगी रडली तेव्हा मी जागी होते. काळी, बारकी, भयंकर संतापलेली. मीही रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता गप्प राहा, टाके घालायचेत."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितल्यावर इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. आता नवराही काकूंच्या सुरात बोलू लागला, "मूल झालं ना, आता कशाला?" बाळंतपणानंतरच पायात गुठळी व्हायची भीती जास्त असते, ती फुफ्फुसात गेली तर माणूस हातचं जातं, हे मी त्याला समजावलं. त्याने मान हलवली आणि पेढे आणायला गेला. पेढे वाटताना काकू येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या की आपण बडीशेपेचं पाणी पाजलं म्हणून हे घडलं.

वर्षभरात त्यांची गोष्ट आणखी सुधारली. "हमारी बहू को तो हमने रोज सुई लगवाई," असं त्या सांगू लागल्या. ते ऐकून बबीन्याच्या छावणीतून एका फौजीची तरुण बायको आली. तिचीही दोन पोटातच गेली होती. काकूंनी तिला पाटावर बसवलं आणि सुईपासून पपईपर्यंत सगळं सांगायला सुरुवात केली. ती बिचारी मान डोलावत होती. मी मुलीला कडेवर घेऊन बाहेर आले आणि त्या पाहुणीला म्हटलं, "अंदर आओ. इनकी मत सुनो. मेरी भी मत सुनो. पहले खून की जाँच कराओ, फिर तुम्हारी डॉक्टर जो कहे वो करो."

काकूंना राग आला. तो पुढे बरेच दिवस टिकला, आणि घर तेवढे दिवस शांत राहिलं.