हातातून हातात

इंग्रजीच्या तासाला मास्तरांनी माझ्या हातावर पेन्सिल वरून टाकली. महाडचं हायस्कूल, आठवीचा वर्ग, पन्नास-साठच्या दरम्यानचा काळ.

क्रियापद होतं 'गिव्ह'. म्हणजे देणे. इंग्रजांच्या फार जुन्या बोलीतलं, जर्मन भाषेतही त्याचं भावंड आहे, असं मास्तरांनी सांगितलं. 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. 'गिव्ह इन' म्हणजे हार मानणे. 'गिव्ह वे' म्हणजे वाट देणे. मग म्हणाले, "क्रियापद नुसतं पाठ करायचं नाही. करून बघायचं."

ते एकेका बाकाशी गेले. मुलाच्या हातात पेन्सिल द्यायचे. मुलानं म्हणायचं, 'यू गिव्ह मी अ पेन्सिल.' मग 'आय गिव्ह यू' म्हणत ती त्यांच्या हातात परत करायची.

मी शेवटच्या बाकावर. एकटा. तुडीलकडच्या एका गावच्या महारवाड्यातला. मास्तर जवळ आले आणि माझे दोन्ही हात आपोआप जुळले. ओंजळ झाली आणि खाली गेली. कोणी सांगितलं नव्हतं. गावात आम्ही असंच घ्यायचो. मीठ, ताक, पाणी, सगळं. देणाऱ्याचा हात वर, आमचा खाली, मधे वीतभर अंतर.

मास्तरांचा हात क्षणभर थांबला. मग वर गेला. पेन्सिल पडली.

"बघ रे, परसाद घेतोय!" पुढून कोणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

मी म्हणालो, "यू गिव्ह मी अ पेन्सिल." वाक्यात एकही चूक नव्हती.

"शाब्बास," मास्तर म्हणाले. "आता ती टेबलावर ठेव."

मी ठेवली.

याच महाडात आमच्या बापाच्या पिढीनं तळ्याचं पाणी हक्कानं घेतलं होतं. मी हायस्कुलात बसून ओंजळ धरली होती. मास्तरांचा राग नंतर आला. आधी लाज वाटली ती स्वतःच्या हातांची.

संध्याकाळी आयेला सांगितलं. ती चुलीपुढे भाकरी थापत होती.

"मंग काय झाला? आपल्याला आसाच देतात."

"तू तरी कशाला घेतेस गो तसं?"

"नाय घेतला तर खाशील काय? बापूस तिकडं मुंबैला गोदीत राबतो तुझ्या शालेसाठी. मास्तराशी वाकडा जाव नको. शाला सुटंल."

एवढं बोलून तिनं तव्यावरची भाकरी माझ्या हातात दिली. तिची पिठाळ बोटं माझ्या बोटांना लागली. त्या दिवशी शिकवलेलं क्रियापद मला तिथं कळलं.

दुसऱ्या दिवशी तोच पाठ. माझी पाळी आली. मी एकच हात पुढे केला. सरळ, छातीच्या उंचीवर.

"हात खाली घे," मास्तर म्हणाले.

"नाही, सर."

त्यांनी पेन्सिल वरून सोडली. मी हात मागे घेतला. ती फरशीवर पडली आणि टोक मोडलं.

"उचल."

"तुम्ही दिली नाहीत, सर. टाकलीत."

या वेळी कोणी हसलं नाही. मला वर्गाबाहेर काढलं. वर्षभर इंग्रजीच्या तासाला मी व्हरांड्यात उभा राहिलो. इंग्रजी खिडकीतून ऐकून शिकलो. त्या भाषेवर पुढे वर्तमानपत्रात नोकरी केली.

आजही कोणी काही पुढे केलं की माझे हात आधी जुळू पाहतात. मला ते कळतं. मी ते सोडवतो. वरून पडलेलं जमिनीवर राहू देतो, मग ते काहीही असो. माझ्या मुलांच्या हातांना ही सवय मी लागू दिली नाही.