हातोडेवाल्या देवाची गोष्ट

मुलांनो, तुम्ही सुट्टीत इंदापूरला विसरून गेलात ते इंग्रजी कॉमिक मी आपल्या न्हाव्याला देऊन टाकलं. उत्तरेकडच्या बर्फाळ देशातला एक हातोडेवाला देव त्यात राक्षसांची डोकी फोडतो आणि फोडता फोडता विनोद करून हसतो. मला ते हसणं आवडलं नव्हतं.

न्हाव्याला इंग्रजी येत नसे. चित्रं बघून तो स्वतःच गोष्ट रचायचा, आणि रंगात आला की गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून वस्तरा हवेत धरायचा. "मुंडकं तुटलं तरी बडबडतंय बगा, आपल्या सरपंचावानी!" बाकावरची माणसं खो खो हसायची.

एकदा तुमच्या आजोबांची दाढी होईपर्यंत मी दुकानाच्या दारात बसले होते. गोष्ट चालू असतानाच शेजारच्या वाडीचे तात्या आले. त्यांचा मुलगा नुकताच बांधाच्या भांडणात कुऱ्हाडीचा घाव लागून गेला होता. हसणं थांबलं. न्हाव्याने पुस्तक मिटलं.

"थांबला का रं?" तात्या बाकावर टेकत म्हणाले. "पडला न्हवं त्यो राक्षस? फुडं काय झालं त्याचं?"

न्हाव्याने पुस्तक पुन्हा उघडलं, पण तात्यांना दिसणार नाही असं धरलं.

"उठला की, तात्या. देवानंच हात दिला त्याला. दोगं मिळून जेवाय गेलं."

मग त्याने ते पान माझ्यापुढे केलं. "व्हय ना, बाई? असंच लिवलंय ना हितं?"

पानावर हातोडा कवटीत रुतला होता आणि देव हसत होता.

"असंच लिहिलंय," मी म्हणाले.