काटोलचा शेंदूर आणि विलायती टू-सीटर

चुंबक चिकटलं नाही.

मी पुन्हा लावून पाहिलं. गाडीच्या चेसिसच्या, म्हणजे सांगाड्याच्या, उजव्या दांड्यावर, काळ्या रंगाखाली, तळहाताएवढा फुगवटा होता. आजूबाजूला चुंबक टक्कन बसायचं, फुगवट्यावरून मात्र घसरून खाली पडायचं. आम्हा मोटार सर्व्हेयर लोकांच्या भाषेत याचा अर्थ असा, की वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. आणि नेमक्या त्याच जागी गाडीचा चेसिस नंबर ठोकलेला असायला हवा होता. हा नंबर गाडीला कारखान्यातच मिळतो आणि भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. चोरीच्या गाडीचा नंबर घासतात आणि वरून लांबी फासतात.

वाईट वाटलं, कारण तोपर्यंत मी फार खुशीत होतो. इंदोरा वस्तीत, सुनंदाताईंच्या घरामागच्या शेडमध्ये, ब्रिटिश बनावटीची दोन सीटची स्पोर्ट्स कार उभी होती. गडद हिरवा रंग, लांब बोनेट, तारांच्या स्पोकची चाकं, लाकडी डॅशबोर्ड. इतकी जपलेली जुनी गाडी मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची होती आणि त्यासाठी माझा रिपोर्ट लागणार होता. नंबर जुळला नाही तर नोंदणी नाही आणि गाडी कायमची शेडमध्ये.

मालकीचा इतिहास सरळ होता. सावनेरकडच्या कोळसा खाणीवरच्या इंग्रज मॅनेजरने ती विलायतेहून आणली. तो मायदेशी परतताना काटोलच्या एका संत्रा व्यापाऱ्याने ती घेतली. व्यापारी अंगाने एवढा भरलेला, की तो बसला की गाडी एका बाजूला कलायची म्हणे. त्याचा ड्रायव्हर-मेकॅनिक म्हणजे सुनंदाताईंचे वडील. म्हातारपणी व्यापाऱ्याने गाडी त्यांच्याच नावावर करून दिली. सुनंदाताई शाळेत शिक्षिका होत्या, आता रिटायर्ड. वडील गेल्यापासून त्याच गाडी पुसतात.

मी नखाने काळा रंग खरवडला. खाली लालभडक. प्रायमर, म्हणजे नव्या रंगाखालचं अस्तर! मला आता शंकाच उरली नाही.

"ताई, इथं कधी वेल्डिंग वगैरे झालं का?"

"नाही. बाबांशिवाय या गाडीले कोणी हात लावला नाही. काहून?"

मी काय ते स्पष्ट सांगितलं. ताईंचा आवाज शाळेतला झाला.

"म्हणजे माह्या बाबानं चोरीची गाडी चालवली?"

"मी नाही म्हणत. पण रिपोर्ट वाचणारा तसंच म्हणेल."

"मंग आज रिपोर्ट लिहू नका. मी भाऊरावले बोलावते."

भाऊराव हे त्या व्यापाऱ्याचे नातू. दुसऱ्या दिवशी काटोलहून संत्र्यांची पिशवी घेऊन हजर.

"काय वं सुनंदा, गाडी बिमार पडली का?"

मी त्यांना फुगवटा दाखवला. ते वाकले, लाल रंगावर बोट घासून पाहिलं आणि हसतच सुटले.

"सर, हा तर आमच्या आजोबाचा शेंदूर हाय. ते म्हणत, बोनेटले हार घालून काय होते? गाडीचं नाव जिथं कोरलं हाय, तिथं पूजा करा. खाणीवरच्या साहेबानं जाताना त्याईले नंबर दाखवला होता. दर दसऱ्याले तेलात शेंदूर कालवून तिथंच थापत."

"आणि वरचा काळा रंग?"

"तो बाबांचा," सुनंदाताई म्हणाल्या. "आम्ही बौद्ध. बाबांनी कधी पूजा केली नाही, पण मालकाची पूजा खरवडली बी नाही. चेसिस रंगवला तवा वरूनच ब्रश फिरवला असन."

मी छिन्नी काढली. भाऊरावांनी माझा हात धरला.

"थांबा गा सर. शेंदराची खोळ अशी काढत नाही."

त्यांनी तेल कोमट करून मागितलं आणि कडेकडेने सोडलं. आम्ही जेवलो, संत्री खाल्ली. मग त्यांनी दोन्ही हातांनी हळूच ओढलं आणि सगळा थर एकसंध सुटून आला, जाड भाकरीसारखा. खाली लोखंड चकाकत होतं. गंजाचा ठिपका नाही. एकेक आकडा काल ठोकल्यासारखा. मी आरसी बुकातला नंबर मोठ्याने वाचत गेलो, ताई बोट ठेवत गेल्या. शेवटचा आकडाही जुळला आणि त्यांनी तो पदराने पुसला. मला भरून आलं, उगाच कशाला लपवू.

यात चमत्कार नाही. जुना शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. लोखंडी पुलांना गंज लागू नये म्हणून पूर्वी हेच तेलात कालवून फासत. काटोलच्या आजोबांनी भक्तीने जे केलं, त्याला आम्ही अँटी-रस्ट ट्रीटमेंट म्हणतो. भाऊराव ती खोळ नदीत सोडणार होते, पण तिच्या आतल्या बाजूला नंबर उलटा उमटलेला दिसला आणि त्यांनी ती रुमालात बांधून घरी नेली.

त्याआधी ताईंनी गाडी काढली, गल्लीच्या टोकापर्यंत. शेजारच्या सीटवर मांडीवर पिशवी घेऊन भाऊराव. तिसरी सीट नसल्यामुळे सर्व्हेयर गाडीमागे धावत गेला.

रिपोर्टमध्ये मी 'नंबर मूळ, सुस्थितीत' एवढंच लिहिलं. नोंदणी झाली आणि हिवाळ्यातल्या रॅलीत ताईंनी ती गाडी स्वतः चालवली. मी चुंबक अजून वापरतो. पण नंबर सापडला नाही, तर ते खिशातून काढण्याआधी मालकाला विचारतो, दसऱ्याला पूजा नेमकी कुठे करता?