मास्तरणीचे उरलेले ठिपके

आयर्लंडमधल्या आमच्या एनिस गावच्या कॉलनीतली मास्तरीण कुठलीही रांगोळी पूर्ण करायची नाही. बारावीच्या वयाची मुलगी, कोटाच्या खिशात कायम जाड खडू. कॉलनीच्या मधल्या हिरवळीच्या कडेनं जाणाऱ्या सिमेंटच्या पायवाटेवर ठिपके मांडायची, दोन-चार रेघा ओढायची आणि उठून जायची. उरलेले ठिपके येणाऱ्याजाणाऱ्यांनी जोडायचे, हा तिचा नियम. तो ती सगळ्यांना बजावायची, म्हणून मीच तिला मास्तरीण म्हणायला लागलो. आईवडील पुण्याचे, पण ती वाढली इथेच. मराठी बोलायची तीही एनिसच्या हेलात.

पाऊस इथं रोजचाच. तासाभरात सगळं वाहून जायचं. मी म्हटलं, "अगं, पक्का रंग घे, टिकेल तरी."

"टिकलं तर लोक नुसतं बघतात, काका. पुसलं की परत यावं लागतं. ग्रँड आहे ते." इथं ‘ग्रँड’ म्हणजे नुसतं ‘चालतंय’.

हा उद्योग तिनं सुरू केला तो आमच्या खिडकीवर अंडी फुटली त्यानंतर. समोरच्या आयरिश ब्रीडाबाईंची नात आणि तिच्या मैत्रिणींचं काम. पोलीस येऊन समज देऊन गेले. पण ब्रीडाबाई आमच्याकडे बघेनाशा झाल्या, आम्हीही मुलीला हिरवळीवर सोडेनासे झालो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्या शिक्षणाच्या जोरावर इथल्या कारखान्यात नोकरी मिळवली, हे घर घेतलं. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. तेच घर विकून डब्लिनकडे जायचं आमचं जवळजवळ ठरलं होतं.

मास्तरणीला मी सरळच विचारलं, "खडूनं अंडी थांबतात का गं?"

"नाही थांबत. पण शेजारी बसून रेघा ओढल्या की मग अंडं फेकायला जरा ऑकवर्ड होतं."

एका शुक्रवारी रात्री, पाऊस नाही बघून, तिनं आमच्या फाटकापासून हिरवळीपर्यंत ठिपकेच ठिपके मांडले आणि सगळ्या कॉलनीला शनिवारी अकरा वाजता बोलावलं. तेव्हा माझी आई कराडहून आलेली होती. ती पहाटे उठली, दार उघडलं, तर समोर अपुरी रांगोळी. दारात असं राहू देणं तिला जमेचना. लोक यायच्या आत तिनं सगळी पुरी करून टाकली. कासवं, कमळं, वर काठाला वेल.

लोक आले, लव्हली म्हणाले, फोटो काढले आणि खिशात हात घालून परत निघाले. ब्रीडाबाईही नातीला घेऊन वळल्या.

मास्तरीण आईजवळ गेली. "आजी, भारी झालीय. आता पुसू या."

"पुसू? खुळी का काय तू? पाठ मोडली माझी."

"पण कुणाला काही उरलंच नाही ना, आजी."

आईनं निघालेल्या लोकांकडे पाहिलं. घरात गेली, बादली आणली आणि आपल्या कमळांवर पाणी ओतलं. लोक थांबले. मास्तरणीनं भराभर नवे ठिपके मांडले. आईला इंग्रजीचं अक्षर येत नाही. तिनं समोर दिसली त्या पोरीच्या हातात खडू दिला आणि मनगट धरून रेघ ओढून घेतली. ती नेमकी ब्रीडाबाईंची नात.

"आई, अंडीवाली ही," मी हळूच म्हणालो.

"मग नेम बरा असणारच की. बघ, रेघ कशी सरळ जातीय."

मास्तरणीनं पोरीला भाषांतर करून सांगितलं, "आजी म्हणतात, तू काही फार वाईट नाहीस."

पोरगी हसली, मग रडवेली झाली. ब्रीडाबाई दुखरा गुडघा सांभाळत माझ्याशेजारी खाली बसल्या. "त्याच दिवशी यायला हवं होतं मी. पण लाज वाटली हो," म्हणाल्या, आणि ठिपके जोडू लागल्या. आमची मुलगी केव्हा हिरवळीवर पळाली, कळलंही नाही. घर विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मास्तरीण आता गॉलवेला कलेच्या कॉलेजात गेली. निघताना मी म्हटलं, "जाताना एक तरी पुरी करून जा." म्हणाली, "काका, काहीतरी राहू द्या की." आता शनिवारचे ठिपके ब्रीडाबाईंची नात मांडते.

परवा व्हिडिओ कॉलवर आईनं कराडच्या दारातली रांगोळी दाखवली. एका कोपऱ्यातले ठिपके मोकळेच होते.

"आई, विसरलीस का?"

"न्हाई रे. शेजारची यायची हाय अजून," आई म्हणाली.

मी शाळेत होतो तेव्हापासून कुंपणाच्या भांडणावरून आईचा जिच्याशी अबोला आहे, ती शेजारची.