डिव्हायडरची फट

बारामतीच्या कॉलेजात मी जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. चुकीच्या युक्तिवादाची उदाहरणं तेव्हा शोधावी लागायची हो! आता भिगवणजवळच्या आमच्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला, की चहा निवायच्या आत ढीग लागतो. पूर्वी हसायचो. आता फोन उपडा ठेवतो.

वाद एकाच गोष्टीवरचा. हायवे गावाच्या मधून जातो. पलीकडच्या रानात जायला लांबच्या पुलाखालून वळसा पडतो, म्हणून कुणीतरी डिव्हायडर फोडून फट पाडली. माझे शेजारी रंगनाथआबा. त्यांची बायको कुसुमकाकू रोज दुधाची किटली घेऊन त्या फटीतूनच जायची. आबांनी ग्रुपवर लिहिलं, "फट बुजवा. एक दिवस माणूस जाईल."

*

पहिलं उत्तर दत्तूशेठचं. त्याचं हॉटेल फटीच्या अगदी समोर! "आबा, तुमचा जावई हेल्मेट घालत न्हाय. आधी त्याला सांगा."

मुद्दा सोडून माणसाला धरायचं, हा सगळ्यात जुना तर्कदोष. मी विचारलं, "दत्तू, जावयाच्या डोक्याचा आणि फटीचा संबंध काय?" त्यावर भराभर अंगठे आले. दत्तूला!

*

मग तोच म्हणाला, "मी रोज ओलांडतोय. मला काय झालं का?"

मी लिहिलं, "ज्यांना होतं, ते ग्रुपवर लिहायला उरत नाहीत." ॲडमिननं माझा मेसेज उडवला. अपशकुनी म्हणे!

*

"आज फट बुजवा म्हणताय, उद्या म्हणाल गावच उठवा!" हे एका पुढाऱ्याचं. आबा बिचारे लिहीत बसले, "गाव उठवा असं मी कुठं म्हणालो?" तोवर गावाचा अभिमान उसळला होता. कुणी झेंडा टाकला, कुणी गावदेवीचा फोटो. फट राहिली बाजूला.

आबा वैतागून मला म्हणाले, "सर, चुका दावून फट बुजती व्हय?"

*

आबांनी काकूला पुलाखालून जायला सांगून पाहिलं. माझ्यासमोरच. ती म्हणाली, "अवं, सगळ्याच बाया जात्यात. मी एकलीच वळसा घालू का?"

सगळे करतात म्हणून बरोबर, हा दोषही मी शिकवायचो. पण तिनं चहा पुढं केला आणि मी मुकाट्यानं प्यायलो.

*

श्रावणात एका सकाळी कंटेनरनं काकूला उडवलं. इंदापूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

ग्रुपभर हात जोडलेले. दत्तूशेठनं लिहिलं, "नशिबात असतं ते चुकत न्हाय. वळशानं गेली असती तरी गेली असती." याला काय म्हणतात ते मला माहीत होतं, पण लिहिलं नाही. फोन धरून रडलो नुसता.

*

फट सिमेंटनं बुजवली. दिवाळी झाली, आणि दत्तूशेठचा मेसेज आला, "बुजवल्यापासून एक पन अपघात न्हाय. मग कशापायी वळसा घालायचा?"

पुन्हा अंगठे! आठवड्याभरात कुणीतरी सिमेंट फोडलं.

*

आता आबा रोज दुधाच्या वेळेला फटीत उभे असतात. हातात लाल फडकं. गाड्यांना थांबवतात, बायकांना पलीकडे नेतात.

परवा गावात नवीन लग्न होऊन आलेल्या एका सुनेनं ग्रुपवर विचारलं, "फटीतून जायला धोका हाय का?"

दत्तूशेठनं लगेच लिहिलं, "कसला धोका? आबा हायत की उभे तितं!"