अर्धी दशमी

आश्विनातल्या दुपारी सिल्लोडला माझ्या भावाच्या अंगणात मका वाळत पडलेला असतो, तेव्हा त्या दाण्यांचा कोरडा, किंचित गोडसर वास थेट आतल्या खोलीपर्यंत शिरतो आणि भिंतींवर एक पिवळसर उजेड चढतो. त्या उजेडात बसलेली माझी माय मला नेहमी आठवते ती अशी: डाव्या हाताने ती माझा दंड चाचपते आहे, कणीक तिंबावी तसा दाबून पाहते आहे, आणि मग उजव्या हाताने ताटलीतली दशमी मोडून तिचा घास माझ्या तोंडाशी आणते आहे. "खा गं छबू," एवढंच म्हणते. गेली दोन वर्षं तिला माणसं ओळखू येत नाहीत. पोटच्या मुलाला ती 'मालक' म्हणते आणि तो समोर आला की पदर सावरून बसते. वहिनीला दवाखान्यातली बाई समजते. पण महिन्या-दोन महिन्यांनी मी जाऊन तिच्याशेजारी टेकले की थोड्या वेळाने तो दंड, तो घास आणि ते नाव न चुकता येत असे. मला छबू म्हणणारं आता जगात तेवढं एकच माणूस उरलं आहे.

दुधात गूळ विरघळवायचा, त्या दुधात कणीक भिजवायची आणि मंद तव्यावर पोळी भाजायची, की दशमी होते. ती दोन-तीन दिवस टिकते म्हणून पूर्वी प्रवासाला निघणाऱ्याच्या फडक्यात बांधून द्यायचे. माय ती करायची तेव्हा चुलीपाशी करपलेल्या गुळाचा वास रेंगाळत राहायचा आणि मी तिसरी दशमी संपवून चौथीकडे बघत असायचे. मी लहानपणापासूनच अंगाने भरलेली. माहेरी ते कौतुकाचं होतं, सासरी चेष्टेचं झालं, आणि पन्नाशी जवळ आली तेव्हा डॉक्टरांच्या कागदावर आजाराचं. शहरातल्या एका शाळेत मी मराठी शिकवते. आठवीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि जिन्याच्या मधल्या वळणावर धाप टाकत मी उभी राहिले की वरून मुली माझ्यासाठी थांबतात. त्या हसत नाहीत याचंच मला जास्त वाईट वाटे. साखर आठ वर्षांपासून होती, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या होत्या, इन्सुलिन वाढत चाललं होतं. झोपेत माझा श्वास मध्येच अडकतो, हे नवऱ्याने मला कधी सांगितलं नाही. वाळूजच्या कंपनीतून दुसरी पाळी करून आलेला तो माणूस उशाशी बसून माझा श्वास ऐकत असे, हे मला फार उशिरा कळलं.

चालणं झालं, उपास झाले, भिजवलेल्या मेथ्या झाल्या. शेवटी जालना रोडवरच्या एका दवाखान्यात, पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेसाठी नाव घातलं.

सर्जन तरुण होते, बोलायला शांत. टेबलावरचं प्लास्टिकचं जठर उघडून त्यांनी मला दोन वाटा दाखवल्या. एका शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग कापून केळ्याएवढी नळी ठेवतात, तिला स्लीव्ह म्हणतात. दुसरीत जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, ती बायपास. तोंडातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत माझी अन्ननलिका आम्लाने सोलवटलेली दिसली होती. "मॅडम, स्लीव्हनं वजन उतरेल, पण ही जळजळ वाढेल," ते म्हणाले. "साखरेलाही बायपासच चांगली. तुमच्या जागी माझी आई असती, तरी मी हेच सांगितलं असतं."

आईचं नाव त्यांनी काढायला नको होतं. कारण त्याच दिवशी सकाळी बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी सिल्लोडचीच एक बाई बसली होती, वर्षापूर्वी बायपास झालेली, चेहऱ्याने टवटवीत. गाव एक निघाल्यावर तिने आपणहून हकीकत सांगितली. "ईद को दो चम्मच शीरखुर्मा पिई, बस. पसीना छुट गया, दिल धडधड करने लगा, दो घंटे लेटी रही. हौ बाजी, मीठा तो मेरे से रूठ गया समझो." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, साखर गेली, गुडघे सुटले, ती खुशीत होती. मी मात्र तिथेच बसल्या बसल्या आतून गार पडले. मला मायची ताटली दिसत होती. तिने घास पुढे केला आहे आणि मी मान फिरवते आहे, किंवा घेते आणि घामाघूम होऊन तिच्यासमोरच आडवी पडते, आणि ती घाबरून हात मागे घेते. एकदा मागे घेतलेला तिचा हात पुन्हा पुढे येईल, याची कोणी हमी द्यावी?

म्हणून मी स्लीव्ह म्हणाले. डॉक्टरांनी कारण विचारलं, तेव्हा वर्गात गृहपाठ न केलेल्या मुली देतात तसली कारणं मी दिली. आतडी वळवण्याची भीती वाटते, जन्मभर गोळ्या नकोत, मिस्टरांचंही तसंच मत आहे. मिस्टरांनी तोवर काही मत दिलंच नव्हतं. खरं तर त्याआधीचा महिनाभर आहाराच्या बाईंनी मला खाल्लेलं सगळं वहीत लिहायला लावलं होतं, आणि मी चहातली अर्धा चमचा साखरसुद्धा लिहिली होती. पण दशमीचं अक्षरही त्या वहीत नव्हतं. मी लपवलं असं नाही. ते खाणं आहे, असं माझ्या मनातच आलं नाही. आईच्या हातचा घास कोणी वहीत लिहितं का? आणि आता या कोरीव दाढीच्या, घाईत असलेल्या माणसासमोर, पन्नाशीच्या बाईने कोणत्या तोंडाने सांगायचं की मायच्या दोन घासांसाठी मी तुमचं शास्त्र बाजूला सारते आहे? मला माझी लाज वाटली. त्याहून भीती ही वाटली की ते अगदी साधेपणाने म्हणतील, मग नका खाऊ.

त्यांनी तीन वेळा समजावलं, एकदा नवऱ्याला बोलावून समजावलं. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, "तिला जे बरं वाटंल ते." शेवटी डॉक्टरांनी एक कोरा कागद पुढे केला आणि धोका समजावून सांगितला असूनही मी हा निर्णय स्वतः घेत आहे, असं माझ्या हाताने लिहून मागितलं. माझं अक्षर फळ्यामुळे वळणदार आहे. तो कागद फार सुंदर दिसत होता. "माझं मत वेगळं आहे, एवढं लक्षात ठेवा," असं म्हणून त्यांनी तो फायलीत लावला.

मार्गशीर्षात शस्त्रक्रिया झाली. खिडकीतून थंडीचं पांढुरकं ऊन पलंगाच्या पायथ्याशी येऊन थांबे, जंतुनाशकाचा वास गाद्यांत मुरलेला असे, आणि पोटाच्या जागी दुखण्यापेक्षाही एक विचित्र ओसाडपणा जाणवत असे. भूक ही माझी जन्माची सोबतीण होती. ती निरोप न घेता निघून गेल्यासारखी वाटली. मग वरणाचं पाणी, ताक, पेज, सगळं चमच्याचमच्याने. अंग उतरू लागलं. बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या, ब्लाउज दोनदा आवळून झाले, आठवीच्या वर्गापर्यंत मी न थांबता पोहोचू लागले. एका सकाळी चहा देताना नवरा सहज म्हणाला, "आता अडकत नाही तुझा श्वास," आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. इन्सुलिन कमी झालं, पण सुटलं नाही. आणि डॉक्टर म्हणाले होते तशीच जळजळ वाढली. पाठीशी तीन उशा घेऊन बसल्यासारखं झोपावं लागे, तरी पहाटे आंबट पाणी घशाशी येऊन मी खोकत उठे.

सिल्लोडला मात्र मी गेले नाही. पहिले दोन महिने गेले नाही, कारण घास घेता आला नसता. पुढचे दोन महिने, कारण घेतला आणि तिच्यासमोर उलटून पडला तर? वहिनी फोन मायच्या कानाशी धरायची. मी बोलत राहायचे आणि पलीकडे नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. ज्या घासासाठी सगळं केलं त्याच्यापासूनच मी चार महिने पळत होते, असं आता मला दिसतं. तेव्हा मी त्याला तयारी म्हणत होते.

फाल्गुनात तपासणीला गेले. डॉक्टरांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. गोळ्या वाढवल्या, पुढे-मागे बायपास करावी लागेल याची कल्पना दिली, आणि पेन बंद करत म्हणाले, "आता तरी खरं कारण सांगाल?" मी सांगितलं. बाकावरची ती बाई, माय, दंड, दशमी, सगळं. त्यांनी टेबलावरचं ते प्लास्टिकचं जठर उचलून बाजूला ठेवलं.

"मॅडम, विचारायचं होतं हो," ते म्हणाले. "बायपासनंतर प्रत्येकालाच तसं होत नाही. आणि एखाद्या घासानं बहुतेकांना काही होत नाही. हळूहळू चावून खाल्ला असता तुम्ही." मग "मीही नीट विचारलं नाही," असं ते म्हणाले. जालना रोडवर रिक्षा मिळेपर्यंत मी उन्हात उभी होते. आपण इतके शहाणे, मुलींना प्रश्न विचारायला शिकवणारे, आणि एक प्रश्न तोंडातून निघू नये.

चैत्रातल्या पहिल्या रविवारी मी गेले. चौक्याचा घाट चढताना दोन्ही बाजूंचे डोंगर वणव्याने काळे पडलेले होते आणि फुलंब्रीच्या पुढे रिकाम्या शेतांत कापसाच्या नुसत्या वाळक्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. भावाच्या अंगणात मका नव्हता. कडुलिंबाचा मोहर झडून जमिनीवर पसरला होता आणि त्याचा कडसर मंद वास घरभर होता. वहिनी दारातच थबकली, मग तोंडावर हात ठेवून म्हणाली, "बाई, केवढ्याशा झाल्या तुम्ही!" तिने सकाळीच दशम्या केल्या होत्या. ताटली मायच्या मांडीवर दिली आणि ती बाजूला झाली.

मी नेहमीसारखी मायच्या डाव्या हाताला बसले. तिने माझ्याकडे पाहिलं, कोणाही आल्या-गेल्याकडे पाहते तसं. बराच वेळ गेला. मीच तिचा हात उचलून माझ्या दंडावर ठेवला. तिची बोटं दंडाभोवती फिरली, जवळजवळ एकमेकांना भेटली, पुन्हा एकदा चाचपून थांबली, आणि तिने हात काढून घेतला, परक्या बाईच्या अंगाला चुकून लागलेला काढून घ्यावा तसा. दंड, घास, नाव. हा क्रम मी दोन वर्षं पाहत आले होते, आणि पहिल्या पायरीकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. मायने मला ओळखलं होतं ते माझ्या अंगावरून. मी घास राखायला निघाले आणि ते अंगच देऊन बसले. ते तर मी दोन्हींपैकी कुठल्याही वाटेने गेले असते तरी गेलंच असतं.

"लई दुरून आलीस का बाई?" तिने विचारलं.

"व्हय."

"पाणी पेलीस का?"

"व्हय."

तिने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं आणि तिला माझी दया आली असावी. ताटलीतली दशमी तिने मधोमध मोडली. "घे. लई वाळलीस. हे माझ्या छबूसाठी ठिवलंय, पर अर्धी घे तू."

"तिला कमी पडंल," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"नाय पडत," ती म्हणाली, आणि चेहऱ्यावर जुनं, भरल्या घरातलं हसू आलं. "लई खाणारी हाय माझी पोरगी. अंगानं अशी भरलेली. आली की दिसंल तुला."

मी तो घास घेतला. हळूहळू चावला. गूळ तोच होता, दूध तेच होतं, आणि तो माझ्या लहानशा पोटात कसलाही त्रास न देता उतरला. मायने उरलेली अर्धी दशमी पदराच्या टोकाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि ती दाराकडे बघत बसली. उन्हं कलली, वहिनी चहाला बोलवून गेली, माझी परतीची एसटी चुकली. मी उठले नाही. मायच्या शेजारी तशीच बसून राहिले, तिच्याबरोबर छबूची वाट बघत.