उरलेलं एक भूछत्र

वनस्पती संग्रहालयात तिला सगळे छत्रीबाई म्हणत. जंगलातून आलेल्या भूछत्रांची, ती कोमेजायच्या आत, रंगीत चित्रं काढायची हेच तिचं काम, बावीस वर्षांपासून. त्या गुरुवारी तिच्याकडे तीन आली. नखाएवढी, निळसर टोपीची, चाळीस वर्षांत कुणाला न दिसलेली. चित्र अर्धं राहिलं, म्हणून तिने ती डबीत घालून घरी नेली आणि फ्रिजमध्ये ठेवली. डबीवर चिठ्ठी लावायचं राहून गेलं.

सकाळी डबीत एकच उरलं होतं.

टेबलाशी वडील बशी पुसून ऑम्लेट संपवत होते. "त्या इवल्याशा अळंब्या टाकल्या गं यात. अगदीच सपक निघाल्या."

तशीच, चपला न बदलता, डबी उचलून ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली.

"विषारी आहे का ते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुणालाच माहीत नाही. आजवर कुणी खाल्लेलंच नाही."

"मग आत्ता बरं वाटतंय याला अर्थ नाही. काही विषं दोन दिवस गप्प बसतात आणि मग यकृत धरतात. उरलेलं द्या, तपासून बघू. पण ते कुटावं लागेल."

तिने संग्रहालयाच्या संचालकांना फोन लावला.

"बाई, वेड लागलंय का? दुसरं मिळणार नाही!"

"साहेब, मी विचारत नाहीये. सांगतेय."

डबी तिने स्वतःच्या हाताने दिली.

मग वाट बघणं. वडिलांनी नुसती कूस बदलली तरी ती उठून त्यांच्या खाटेपाशी जायची. पिवळ्याच्या तीस छटा ओळखणारी ती; पण त्यांचे डोळे पिवळे पडलेत की खिडकीतलं ऊन आहे, हे तिला ठरवता येईना.

"अशी काय बघतेस? मी काय चित्र आहे?" ते वैतागले. तिला हसू आलं नाही.

रविवारी दुपारी डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. भूछत्रात ओळखीचं कुठलंच विष नव्हतं. यकृतही ठणठणीत. ती बाकावर बसून ओक्साबोक्शी रडली.

संचालक तिच्याशी कित्येक महिने बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात, ती तीन भूछत्रं जंगलातल्या ज्या उतारावरून आली होती, तिथे ती स्वतः गेली. गुडघे टेकून तिने कुजकी पानं एकेक करून बाजूला सारली. भूछत्र सापडावं असं वाटत होतं की सापडू नये, तिचं तिलाच कळेना. तीन दिवस शोधलं. काही मिळालं नाही.